डाव्या कोपऱ्यातलं बटण

१

"मग जाताना छातीवर ठेवून ने तो," धाकटी म्हणाली. "पण जित्या माणसाच्या उपयोगी पडू देऊ नकोस."

"नाही देणार, हे चारदा सांगून झालं. पाचव्यांदा सांगू?"

"पाचव्यांदा कारण सांग. नुसतं 'नाही' ऐकून कान किटले माझे."

सकाळचे अकरा वाजले होते. दुकानाचं दार उघडं होतं, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. आम्हा दोघी बहिणींच्या मध्ये माझं कामाचं टेबल, आणि टेबलावर मास्तरणीचा लॅपटॉप. मास्तरीण म्हणजे धाकटीची एकुलती लेक, माझी भाची. तिला जाऊन चार महिने झाले होते.

भांडण एवढ्याचसाठी होतं की मास्तरणीला बोलायचा सराव द्यायला ज्या बाई यायच्या, त्या दुपारी चारला येणार होत्या. त्यांच्याकडे आता एक सुतार होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला, पुढे उजवी बाजू लुळी पडली. तो वरच्या खोलीत पडून असतो आणि बायको खाली कारखाना बघते. लॅपटॉप आणि त्याला जोडलेली घंटा त्याला द्यायचं धाकटीनं मला न विचारता कबूल करून टाकलं होतं. घंटा तिनं स्वतःच भिंतीवरून उतरवून, सेल काढून, पिशवीत घालून ठेवली होती.

"त्याचा कीबोर्ड खराब आहे," मी म्हणाले.

"खराब? तूच दुरुस्त केलास ना? 'झालं, आता बघ कसा चालतो' म्हणून घरभर मिरवलीस की. का ते खोटं होतं?"

मी एकाहत्तर वर्षांची आहे. भांडणात उत्तर न सुचण्याची सवय मला नाही. पण त्या प्रश्नावर मी टेबलावरचं फडकं उचललं. मी उगाच स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले.

२

मला लोक कीबोर्डवाली आजी म्हणतात. सातवीच्या पुढे मला कोणी काही शिकवलं नाही. नवरा टाइपरायटर दुरुस्त करायचा आणि मला हत्यारांना हात लावू द्यायचा नाही. त्याची नजर अधू झाली तेव्हा मी त्याचे डोळे म्हणून शेजारी बसले, आणि सहा महिन्यांत त्याचे हातही मीच झाले. टाइपरायटर संपले, कॉम्प्युटर आले, तेही मी उघडून उघडूनच शिकले. आज डिग्रीवाले माझ्याकडे येतात, आणि मी 'बसा' म्हणेपर्यंत बसत नाहीत. मला ते आवडतं. आवडतं ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

जुन्या टाइपरायटरचं बटण दाबलं की चांगलं बोटाच्या पेराएवढं खाली जायचं. दाबल्याचं हाताला कळायचं, कानाला कळायचं, शेजाऱ्यालाही कळायचं. मग कंपन्यांना पातळ होण्याची हौस सुटली. चार मिलिमीटरचे दोन झाले, दोनाचा एक झाला, आणि मास्तरणीच्या लॅपटॉपात तर जेमतेम अर्धा उरला. बटण खाली आहे की वर, हे नुसतं बघून सांगता येत नाही. खाली माशीच्या पंखासारखी प्लास्टिकची बिजागरी, आणि तिच्याखाली मसुरीच्या सालीएवढी धातूची वाटी. बटण दाबलं की वाटी चेपते, खालच्या तांब्याला टेकून वीज जोडते आणि टिक वाजतं. एवढाच काय तो खेळ. तिथे धुळीचा एक कण शिरला की बटण दाबूनही काम करत नाही, नाहीतर एकदा दाबलं की दोनदा करतं. कधी कधी कोणी न दाबताच करतं.

त्यात पुन्हा अख्खा कीबोर्ड बारीक रिव्हेटा मारून वरच्या पत्र्याला जखडलेला. एक बटण गेलं तर कंपनी म्हणते वरचा सगळा भाग बदला. चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय कापायला सांगण्यातला प्रकार. असली मशीनं मी उघडते. कंपनी जिथे 'होणार नाही' म्हणते तिथे मी 'झालं' म्हणते, आणि या एका शब्दावर माझं दुकान चालतं.

३

मास्तरीण पाच वर्षांची असताना बाहुल्या ओळीत बसवून त्यांना फूटपट्टीनं मारायची. तेव्हापासून हे नाव पडलं, आणि पुढे ती खरोखरच शाळेत गणित शिकवू लागली. चौतिसाव्या वर्षी दुखणं लागलं. आधी आवाज गेला, मग पाय, मग हात. डावा अंगठा आणि दोन बोटं तेवढी उरली. त्या तीन बोटांवर ती लॅपटॉपवर टाइप करायची आणि मशीन ते वाचून दाखवायचं, सपाट आवाजात, जणू स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगतंय. तशातही ती शाळेच्या प्रश्नपत्रिका काढायची. त्यात मी असायचेच. 'एक म्हातारी तासाला तीन कीबोर्ड दुरुस्त करते आणि पाच माणसांना नावं ठेवते, तर आठ तासांनंतर गावात किती भली माणसं उरतील?' माझ्या चहाला ती 'गरम पाण्याला दिलेली धमकी' म्हणायची. त्या सपाट आवाजात ते ऐकलं की धाकटी हसून हसून पलंगाच्या कडेला टेकायची.

मास्तरीण वरच्या खोलीत. दुकान, स्वयंपाकघर, धाकटीचं शिलाईमशीन, सगळं खाली. मध्ये सोळा पायऱ्या. म्हणून मी घंटा बांधली होती. कीबोर्डच्या डाव्या बाजूचं, अगदी खालच्या कोपऱ्यातलं बटण तिला टाइप करायला लागत नसे, आणि तिचा अंगठा आपोआप तिथेच पडायचा. ते दाबलं की स्वयंपाकघरातली घंटा वाजायची. साधी दारावरची घंटा. पण ती लावल्यावर धाकटी तीन वर्षांत पहिल्यांदा दुपारी आडवी झाली.

मग त्या बटणात काहीतरी शिरलं. बिस्किटाचा चुरा असेल, धूळ असेल. घंटा आपल्या मनानं वाजायला लागली. दिवसाला बारा वेळा, पंधरा वेळा. धाकटी प्रत्येक वेळी सोळा पायऱ्या चढून जायची आणि मशीन सांगायचं, 'आई, मी नाही बोलावलं. हे यंत्र चहाडखोर आहे.' नऊ दिवसांत धाकटीचे गुडघे सुजून भाकरीसारखे झाले.

कंपनीचा माणूस म्हणाला, वरचा भाग बदलू, दहा दिवस मशीन आमच्याकडे ठेवावं लागेल. म्हणजे पोरीनं दहा दिवस मुकं राहायचं. मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला. तीनदा बटण उपसलं, फुंकलं, स्पिरिटनं पुसलं. तासभर बरं चालायचं आणि मग पुन्हा घंटा. दुसरीकडून वरचा भाग मागवला, तो सोमवारी येणार होता. आणि गुरुवारी दुपारी धाकटी जिन्यात खाली बसली ती उठेना. मला म्हणाली, "ताई, तुला जमत नसेल तर तसं सांग. मी त्या कंपनीवाल्याला बोलावते."

जमत नसेल तर.

मी वर गेले. मास्तरणीला डुलकी लागली होती. मी बटण उपसलं, आमच्या कामातली पिवळी चिकटपट्टी असते, उष्णता सोसणारी आणि वीज अडवणारी, तिचा तांदळाएवढा तुकडा कापला आणि वाटीच्या खाली, तांब्यावर चिकटवला. बटण परत बसवलं. शंभर वेळा दाबून पाहिलं. टिक वाजत होतं, हाताला नेमकं पूर्वीसारखं लागत होतं. घंटा एकदाही वाजली नाही.

खाली येऊन मी म्हणाले, "झालं. आता बघ कसा चालतो."

४

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

मास्तरीण उठल्यावर मी तिला बजावलं, "नाजूक काम आहे, उगाच दाबून बघू नकोस. लागेल तेव्हाच दाब." ती म्हणाली, 'मावशी, तुमच्या हाताला सोन्यानं मढवायला हवं, म्हणजे तो जड होईल आणि लोकांच्या चुका दाखवायला उचलला जाणार नाही.' धाकटीनं माझे हात आपल्या गालाला लावले. आणि मी ते लावू दिले.

सोमवारपर्यंतचाच प्रश्न होता. गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवार, मी दर वीस मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून वर जात होते. पाणी हवं का? पडदा ओढू का? मी तुझ्या उशीखाली चष्मा विसरले का? तिला बटण दाबायची वेळच येऊ दिली नाही. मी एवढी काळजी घेतली, असं मी स्वतःला चार महिने सांगत आले आहे.

शनिवारी एक वाजता दोन इंजिनिअर आले. लांबून आले होते, माझी रिव्हेटा काढायची पद्धत बघायला. एकानं वही काढली. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. मी मध्येच थांबले तर दोघे पेन वर धरून माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. असं माझ्यासमोर आयुष्यात कोणी थांबलं नव्हतं. धाकटी मागे स्वयंपाकघरात पडदे शिवत होती, तिचं मशीन ऐकू येत होतं. ते गेले तेव्हा सव्वादोन झाले होते.

मी वर गेले.

डॉक्टर म्हणाले, कफ अडकला. लवकर कळलं असतं तर तो ओढून काढता आला असता. किती लवकर, हे मी विचारलं नाही. तिचा अंगठा डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर होता आणि नख पांढरं पडलं होतं, जोरात दाबल्यावर पडतं तसं. तिला प्रत्येक वेळी टिक लागलं असणार. प्रत्येक वेळी तिला वाटलं असणार, घंटा वाजली, आई उठली, आता पायऱ्या चढतेय.

दुसऱ्या दिवशी खाली माणसं बसलेली असताना मी वर गेले, बटण उपसलं आणि चिमट्यानं पट्टी काढली. काढताना मी खिडकीबाहेर बघत होते. तेवढ्यात जिन्यात धाकटीची पावलं वाजली. पट्टी टाकायला जागा नव्हती. मी ती तोंडात टाकली आणि गिळली.

"काय करतेयस?" धाकटीनं विचारलं.

"धूळ पुसतेय," मी म्हणाले.

५

दीड महिन्यानं मी पुन्हा दुकान उघडलं. पहिलं मशीन एका दाताच्या डॉक्टरीणबाईंचं. वेगळी कंपनी, जुन्या धाटणीचा जाड कीबोर्ड, बटणांखाली रबराच्या वाट्या. तक्रार अशी की मधली दोन अक्षरं उमटत नाहीत. माझी सवय अशी की एका बटणासाठी उघडलं तरी सगळी तपासायची. डावीकडचं, खालच्या कोपऱ्यातलं बटण उपसलं आणि खाली पिवळी पट्टी दिसली.

तांदळाएवढी. एका कडेला बारीकसा दात. माझी कात्री कधीतरी फरशीवर पडली होती, तेव्हापासून तिच्या पात्याला खाच आहे, आणि तिनं कापलेल्या प्रत्येक कडेला तो दात उमटतो.

मी हातातलं खाली ठेवून पाणी प्यायले. मग स्वतःला समजावलं, हे मशीन आपणच कधीतरी उघडलं असणार. आपल्या हाताची सवयच असेल ती, इतर वेळीही मारत असू असल्या पट्ट्या. संध्याकाळी बाई आल्या तेव्हा सहज विचारलं, पूर्वी कधी माझ्याकडे आणला होतात का.

"नाही हो आजी. मी तर गेल्याच महिन्यात इकडे राहायला आले."

"ते कोपऱ्यातलं बटण चालत होतं का तुमचं?"

"कुठलं?" त्यांनी वाकून पाहिलं. "अगंबाई, हे असतं कशाला?"

दुसरं मशीन वीज कार्यालयातल्या टायपिस्टचं. तिसरं एका भाषांतरकाराचं. दोन्हींत तेच, तिथेच. मी पट्ट्या चिमट्यानं काढून काचेवर चिकटवून ठेवल्या. या वेळी मात्र बघून ठेवल्या.

मग मला माझाच संशय आला. म्हातारपणी माणूस आपल्या हातून काय होतंय ते विसरतो, तसं तर नसेल? गिऱ्हाईक गेलं की मीच बसून लावत असेन, नंतर मीच उघडत असेन. मी चिकटपट्टीच्या गुंडाळीच्या टोकावर शाईची आडवी रेघ मारली. नवी कात्री आणली आणि जुनी कचऱ्याच्या गाडीत माझ्या हातानं टाकली. चौथा कीबोर्ड घाऊक व्यापाऱ्याकडून आलेला, कोरा, कारखान्याच्या सीलबंद पाकिटात. ते मी दुकानात, भर दुपारी, रस्त्याकडे तोंड करून फोडलं.

कोपऱ्यातल्या बटणाखाली पट्टी होती. कडेला दात होता. गुंडाळीवरची रेघ जागच्या जागी होती.

६

काचेवर चार पट्ट्या ओळीनं लावून मी भिंग धरलं तेव्हा दुसरी गोष्ट दिसली.

पहिली गुळगुळीत होती. दुसरीच्या मधोमध बारीकसं वर्तुळ, वरून काहीतरी टेकल्यासारखं. तिसरीत ते वर्तुळ चकाकत होतं. चौथीत पांढरं पडलं होतं. वाटी वरून चेपून चेपून पट्टीवर पडते तशी खूण. कोऱ्या, सीलबंद कीबोर्डात.

मी अंदाजावर विसंबणारी बाई नाही. एका भंगार कीबोर्डात मी नवी पट्टी लावली, वाटीला बारीक दिवा जोडला, घड्याळ समोर ठेवलं आणि दुपारी एक वाजता डाव्या अंगठ्यानं बटण दाबायला सुरुवात केली. दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. वीस मिनिटांत अंगठा सुन्न झाला, मग ठणकायला लागला. मागे धाकटीचं शिलाईमशीन चालू होतं, आणि तिनं थांबावं असं मला वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. सव्वादोनला मी थांबले. दिवा एकदाही लागला नव्हता. ही पट्टी मजबूत असते, सहजी फाटत नाही. मी ती काढून चौथीच्या शेजारी लावली.

दोन्हींवरची खूण तंतोतंत सारखी होती. एक ते सव्वादोन.

त्यानंतरच्या आठवड्यात पाचवी आणि सहावी सापडली. पाचवी मधोमध झिजून पातळ झाली होती. सहावी दिव्यासमोर धरली तर तिच्यातून उजेड येत होता. म्हणजे सव्वादोनला कोणी थांबलं नव्हतं.

मी दुकान चार दिवस बंद ठेवलं. धाकटीला सांगितलं, अंगठा दुखतोय. तिनं तेल गरम करून आणलं आणि अर्धा तास माझा अंगठा चोळत बसली. म्हणाली, "किती दाबतेस गं, ताई."

७

म्हणून मास्तरणीचा लॅपटॉप मी चार महिने उघडला नव्हता. कपाटात, दोन चादरींच्या खाली ठेवला होता. आणि आता तो टेबलावर होता, चारला बाई येणार होत्या, आणि धाकटी कमरेला पदर खोचून समोर उभी होती.

"त्या माणसाला पाणी मागता येत नाही गं," ती म्हणाली. "त्याची बायको दर अर्ध्या तासानं काम टाकून वर पळते. मला माहीत आहे ते काय असतं. तुला कसं कळणार? तू नुसती घंटा बांधलीस, जिना मी चढले."

"दुसरं मशीन देते त्याला. नवं देते."

"नवं नको. हे मास्तरणीचं आहे. तिच्या बोटांखालचं कोणाच्या तरी बोटांखाली जाऊ दे. तू वस्तू कवटाळून बसशील, आणि वस्तूंपुढे माणसं तुला कधी दिसली होती?"

"तोंड सांभाळून बोल."

"नाही सांभाळणार. पासष्ट वर्षं सांभाळलं. खराब आहे म्हणतेस ना? मग उघड. माझ्यासमोर उघडून दाखव काय खराब आहे ते. नाहीतर बाजूला हो, मी पिशवीत भरते."

तिनं लॅपटॉपला हात घातला. मी तिचं मनगट धरलं. दोघी म्हाताऱ्या एका मशीनला दोन्हीकडून धरून उभ्या. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थबकून बघायला लागला, तेव्हा मी सोडलं.

त्या सुताराच्या अंगठ्याखाली हे बटण जाणार होतं. ते दाबल्यावर त्याला टिक लागणार होतं.

मी लॅपटॉप उलटा केला, मागचा पत्रा काढला, बॅटरीची वायर उपटली. मेलेलं मशीन. मग सरळ करून डाव्या कोपऱ्यातलं बटण पातीनं उचललं. पंखाची बिजागरी निघाली. वाटी उघडी पडली. मी चिमट्याच्या टोकानं वाटीची एक कड उचलली.

खाली पिवळी पट्टी होती. ती मी गिळली होती. तिच्या मधोमध, मोहरीच्या दाण्याएवढं, स्वच्छ गोल भोक होतं, आणि त्या भोकातून तांबं चमकत होतं.

मी चिमटा मागे घेतला आणि वाटी जागेवर बसली. माझे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते. धाकटीचे तिच्या कमरेवर. आणि आमच्या डोळ्यांदेखत, कोणाचं बोट नसताना, ती मसुरीच्या सालीएवढी वाटी मध्ये चेपली. टिक वाजलं. ती तशीच चेपलेली राहिली, जोर लावून धरल्यासारखी.

मी धाकटीकडे पाहिलं. ती वाटीकडे बघत नव्हती. तिनं मान वर करून स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं होतं, जिथे भिंतीवर आता नुसते दोन खिळे होते. तिचा एक पाय निघण्यासाठी उचललेला होता. घंटा तिच्या मागे पिशवीत होती, सेल काढलेली. मला काही ऐकू आलं नाही.

वाटी पुन्हा वर आली.

"हे पिवळं काय आहे?" धाकटीनं विचारलं. ती कधी वळली मला कळलं नाही. आवाज एकदम खाली आला होता.

मला खोटं बोलता आलं असतं. कामातलं काहीही सांगितलं असतं तरी तिला पटलं असतं, माझ्या कामातलं ती कधी विचारत नाही. पण बाई चारला येणार होत्या.

"पट्टी आहे," मी म्हणाले. "मी लावली होती. गुरुवारी, तू जिन्यात बसलीस त्या दिवशी. बटण दुरुस्त झालंच नव्हतं. मी ते आंधळं केलं होतं. दाबलं की नुसतं टिक वाजायचं, खाली घंटा वाजणं शक्यच नव्हतं. शंभर वेळा दाबून बघितलं होतं मी. तुझे गुडघे बघवत नव्हते, हेही खरं आहे, पण मला जमलं नाही हे सांगायला जीभ उचलली नाही, हे जास्त खरं आहे. सोमवारी भाग येणार होता. शनिवारी मी त्या दोन इंजिनिअरांपुढे बसून फुशारक्या मारत होते. ती दाबत राहिली असेल आणि तुला कळायला काही मार्गच नव्हता. मला काय म्हणायचं ते म्हण. घरातून जा म्हणालीस तर जाईन."

धाकटी खुर्चीवर बसली. खूप वेळ ती पदराला चिकटलेला एक दोरा नखानं सोडवत होती. तो सुटला तेव्हा तिनं तो बोटाभोवती गुंडाळला, माझ्याकडे पाहिलं, आणि लहानपणी बोलायची तशा बारीक आवाजात म्हणाली,

"त्या दुपारी घंटा वाजली होती, ताई, आणि एवढी शिवण संपवते मग जाते, असं म्हणून मीच उठले नाही."